निष्ठा आणि शौर्य (‘शिवभारता’तील)

कवींद्र परमानंदांच्या ‘शिवभारत’ या संस्कृत काव्याची पोथी तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मिळाली व स. म. दिवेकरांनी ती 1927 मध्ये प्रसिद्ध केली. वडिलार्जित जहागिरीवरून शिवाजी महाराज व तंजावरला राज्य करणारे त्यांचे धाकटे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांच्यात वितुष्ट आले होते. तरी थोरल्या भावाचे चरित्र धाकट्याच्या वंशजांकडे जपले गेले, ही गंमत लक्षात घेण्याजोगी.

काव्यातील शौर्य धन्यासमोर सिद्ध होते. अफझलखानाच्या प्रतापगडच्या भेटीला (1659) महाराजांसोबत गेलेल्या दहा अंगरक्षकांची नावे कवी एकेक करून देतो. त्यांत जिवा महालाबरोबर इब्राहिम सिद्दीही आहे. म्हणजे येथे निष्ठा जातीधर्मावर नव्हे, स्वामीवर आहे. शत्रूच्या शौर्यालाही दाद मिळते: पुरंदरच्या लढाईत (1648) छातीत घुसलेला भाला मुसेखान स्वतः उपसून मोडतो, मग महाराजांच्या बाजूच्या गोदाजी जगतापाच्या तलवारीने पडतो.

इंग्लंडच्या जुन्या वीरकाव्यात हीच मूल्ये दिसतात. 991 च्या माल्डनच्या लढाईवरील काव्यात सरदार बिर्हटनॉथ पडल्यावर त्याचा सोबती गॉड्रिक त्याच्याच घोड्यावरून पळतो. उरलेले सोबती हरणार हे जाणूनही धन्याच्या प्रेताभोवती लढत मरतात. तेथे निष्ठेची खरी कसोटी पराभवात लागते. परमानंदांचा नायक मात्र विष्णूचा अवतार आहे, त्यामुळे त्याच्या सेवेला भक्तीचा रंग चढतो आणि अंतिम विजयाबद्दल शंका उरत नाही. पण ‘शिवभारत’ 32 व्या अध्यायाच्या सुरुवातीलाच तुटते.