पेन्शनरांचे अर्ज

कोकणातील दापोलीस जुनी माणसे ‘कॅम्प दापोली’ म्हणत. इंग्रजांची लष्करी छावणी तेथे होती. ती उठून गेली, परंतु पलटणीतून निवृत्त झालेले कित्येक शिपाई, हवालदार आणि सुभेदार तेथेच घरे करून राहिले. त्यांत महार जातीच्या पेन्शनरांची वस्ती मोठी होती. खांद्यावरची बंदूक उतरविल्यावर शिपायाने पुढे काय करावे, हा प्रश्न आज सरकारी नियमांच्या पुस्तकांत बंदिस्त झालेला दिसतो. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी तो प्रथम कोणी व कसा मांडला हे शोधू गेल्यास आपण या वस्तीच्या दारी येऊन पोचतो.

कुणब्याचा मुलगा पलटणीतून परतला म्हणजे घरचा नांगर त्याची वाट पाहत असे. महार शिपायाची वाट काय पाहत असे? वतनाची कामे: वेस राखणे, सरकारी सांगावे पोचविणे, मेलेली गुरे ओढणे. मुंबईच्या लष्करात बढती नोकरीच्या वर्षांवर मिळे, म्हणून महार शिपाईही सुभेदारीपर्यंत चढे. शिवाय शिपायांच्या मुलांसाठी लष्करात शाळा असत व तेथे मुलांबरोबर मुलीही शिकत. ज्याने वीस-पंचवीस वर्षे हुकूम दिले, हिशेब लिहिले, पोथ्या वाचल्या, त्याने पुन्हा हाती काठी घेऊन गावाच्या वेशीवर उभे राहावे काय? सरकारी नोकरी ही त्याच्या दृष्टीने केवळ पोटाची सोय नव्हती. गावाकडे परत न जाण्याची ती एकच वाट होती.

ती वाट बंद होऊ लागली ती लष्कराच्या बाजूने. १८८५ ते १८९३ या काळात लॉर्ड रॉबर्ट्स हे हिंदुस्थानचे सरसेनापती होते. अमुक जाती लढवय्या आणि अमुक नव्हेत, हा सिद्धांत त्यांच्या कारकिर्दीत बळावला. १८९२-९३ च्या सुमारास महारांची भरती थांबली. कोरेगाव भीमा येथे १ जानेवारी १८१८ रोजी लढलेल्या महार शिपायांची नावे ज्या सरकारने जयस्तंभावर कोरली, त्याच सरकारने त्यांच्या नातवंडांस दार लावले. कृतज्ञतेची मुदत इतकी अल्प असावी याचे आम्हांस फारसे आश्चर्य वाटत नाही.

दापोलीचे गोपाळबाबा वलंगकर १८८६ साली पलटणीतून निवृत्त झाले होते. जोतीराव फुल्यांच्या विचारांचा त्यांच्यावर मोठा प्रभाव होता. १८९४ साली त्यांनी भरती पुन्हा सुरू व्हावी म्हणून अर्ज तयार केला आणि त्यात आपल्या लोकांचे मूळ क्षत्रियत्व प्रतिपादिले. १८९५ साली सरकारने त्यांना महाडच्या लोकल बोर्डावर नेमले, तेव्हा उच्चवर्णीय सभासदांनी त्यांच्याशेजारी बसण्यास हरकत घेतली.

याच दापोलीत सुभेदार रामजी सकपाळ निवृत्त होऊन आले. इंदूरजवळच्या महू छावणीत ते लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते. तेथेच १४ एप्रिल १८९१ रोजी त्यांचे धाकटे चिरंजीव भीमराव जन्मले. पुढे रामजींनी साताऱ्यास सरकारी बांधकाम खात्यात कोठारावरची नोकरी धरली. १९०१ च्या सुमारास ते खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर रोखपाल होते. उपाशी माणसांना काम मिळावे म्हणून तेथे तलाव खणला जात होता. उन्हाळ्याच्या सुटीत भीमराव, त्यांचे बंधू आणि भाचे वडिलांना भेटण्यास निघाले. मसूर स्थानकावर मुले उतरली, पण न्यायला कोणी आले नव्हते. येत असल्याचे पत्र नोकराच्या हलगर्जीपणामुळे वडिलांच्या कानी गेलेच नव्हते. मुलांची जात कळताच एकही गाडीवान त्यांना नेण्यास तयार होईना. अखेर दुप्पट भाडे ठरले, तेही मुलांनी स्वतः गाडी हाकावी आणि गाडीवानाने शेजारून पायी चालावे या अटीवर. वाटेत त्यांना कोणी पिण्यास पाणी दिले नाही.

ही हकीकत पुढे डॉ. आंबेडकरांनी स्वतः लिहून ठेवली आहे. सरकारी खजिन्याचा पैसा ज्याच्या हाती विश्वासाने दिला, त्याच्या मुलांना घोटभर पाणी मिळू नये! पाणी नाकारणारे ते लोक परधर्मी नव्हते. आमच्याचसारखे देवळात जाणारे, एकादशी करणारे होते. हे येथे लिहिताना आमची मान खाली जाते, पण लिहिणे प्राप्त आहे.

अर्ज मात्र थांबले नाहीत. पुण्याचे शिवराम जानबा कांबळे यांनी १९०३ साली सासवड येथे ५१ गावांच्या महारांची सभा भरविली. १९१० साली दख्खनच्या महारांची परिषद जेजुरीस, खंडोबाच्या गावी, झाली व तेथून भारतमंत्र्यांकडे अर्ज गेला. मागणी काय होती? सरकारी खात्यांतील खालच्या जागा, पोलिसातली शिपाईगिरी आणि लष्करात पुन्हा प्रवेश. मागितले ते इतकेच होते.

युद्ध पेटले की सरकारची स्मरणशक्ती परत येते. १९१७ साली १११ वी महार पलटण उभारली, १९२१ साली मोडून टाकली. १९४१ च्या ऑक्टोबरात बेळगाव येथे महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. बेळगावकर वाचकांस मराठा लाइट इन्फंट्रीचा इतिहास मुखोद्गत असतो. हा दुसरा जन्मही त्यांच्याच गावचा आहे.

दुसरे महायुद्ध संपत आले तेव्हा लाखो शिपाई घरी परतणार होते. त्यांना नागरी जीवनात काम मिळवून देण्यासाठी जुलै १९४५ मध्ये पुनर्वसन व सेवायोजन महासंचालनालय स्थापन झाले आणि सेवायोजन कचेऱ्यांचे जाळे पसरले. हे महासंचालनालय मजूर खात्याखाली होते. त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद डॉ. आंबेडकर होते, मसूर स्थानकावर गाडीची वाट पाहणारा सुभेदारांचा तोच मुलगा.

१९४८ च्या आरंभी या कचेऱ्या नोकरी शोधणाऱ्या सर्वांस खुल्या झाल्या. माजी सैनिकांसाठी केंद्र सरकारच्या सेवेत ‘क’ वर्गात शेकडा १० आणि ‘ड’ वर्गात शेकडा २० जागा राखण्याची तरतूद १९७९ च्या नियमांत आहे.