पेन्सिलीच्या खुणा: कागदापासून पडद्यापर्यंत

पाश्चात्त्य वाद्यवृंदाचा इतिहास आपण बहुतेक वेळा रचनाकारांच्या नावांनी सांगतो. आज तो पेन्सिलीच्या बाजूने बघू.

छापील स्वरलिपीत सगळं लिहिलेलं असतं, असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. व्हायोलिनचा गज कुठे खाली ओढायचा, कुठे वर न्यायचा, बासरीवाल्याने श्वास कुठे घ्यायचा, हे बरंचसं तालमीत ठरतं आणि पेन्सिलीने कागदावर उतरतं. तंतुवाद्यांत दोघांत मिळून एक स्टँड असतो. आतल्या बाजूला बसलेला वादक पानं उलटतो, खुणाही बहुधा तोच करतो. प्रत भाड्याची असेल तर परत देताना खुणा खोडायच्या, असा प्रकाशकांचा दंडक. तालमींची केवढी स्मृती खोडरबराने नेली असेल, विचार करा!

प्रत वाद्यवृंदाच्या मालकीची असली की खुणा टिकतात. १८४२ मध्ये स्थापन झालेल्या न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचं उदाहरण घ्या. गुस्ताव्ह मालर तिथे १९०९ ते १९११ संचालक होते, लिओनार्ड बर्नस्टाइन १९५८ ते १९६९, आणि आपल्या मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता १९७८ ते १९९१. बर्नस्टाइन यांच्या प्रतींवर लाल आणि निळी पेन्सिल दिसते. लाल खुणा ग्रंथपालाने वादकांच्या प्रतींत उतरवायच्या. निळ्या त्यांच्या स्वतःसाठी. म्हणजे एकाच पानावर जाहीर सूचना आणि खासगी टिपण! २०११ पासून या संग्रहाची पानं इंटरनेटवर खुली होत गेली आणि अभ्यासकांना संचालकाचं मन वाचता येऊ लागलं.

आता पडद्याकडे येऊ. २०१० मध्ये आयपॅड आला. २०१२ मध्ये ब्रसेल्स फिलहार्मोनिकने कागदाऐवजी टॅब्लेटवर बघून मैफल केली. पानं पायाच्या पेडलने उलटता येऊ लागली. खुणांचे वेगवेगळे थर करता येतात: एक स्वतःचा, एक गुरूचा, एक संपूर्ण विभागाचा. हवा तो थर दाखवा, नको तो लपवा. बर्नस्टाइन यांच्या दोन पेन्सिलींचंच हे पुढचं रूप नाही का?

पण इथे एक मेख आहे. कागदावर खोडलेली रेघसुद्धा पुसट का होईना, उरते. तिच्यावरून कळतं की आधी वेगळा विचार होता. पडद्यावर पुसलेलं बहुधा मागमूस न ठेवता जातं. शिवाय खुणा वादकाच्या स्वतःच्या टॅब्लेटमध्ये असतात. तो निवृत्त झाला, टॅब्लेट बदलला किंवा ते अ‍ॅपच बंद पडलं, तर वाद्यवृंदाच्या ग्रंथालयात काय उरणार? कोरी, स्वच्छ स्वरलिपी. म्हणजे खोडरबराचाच जुना नियम, फक्त आता कुणी न सांगता लागू झालेला.

उपाय फार अवघड नाही. प्रत्येक मैफलीनंतर खुणांसकट एक साधी पीडीएफ काढायची, तिच्यावर नाव आणि तारीख घालायची आणि ती ग्रंथपालाकडे सोपवायची. शंभर वर्षांनी आजची तालीम कशी झाली हे कुणाला समजून घ्यायचं असेल, तर त्याच्या हाती बहुधा तेवढंच असेल.