मराठी लोकसमजुतींतील भुतांचे वर्गीकरण

मराठी लोकसमजुतींत भुतांचे अनेक प्रकार मानले जातात. पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये (१८८५) त्यांचे 'घरचे' व 'बाहेरचे' असे दोन वर्ग दिले आहेत. घरच्या भुताचा प्रभाव त्या कुटुंबापुरता असतो, तर बाहेरच्याची बाधा कोणालाही होऊ शकते, अशी समजूत आहे. आजचा वाशिम जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात नसून वऱ्हाडात असल्यामुळे त्या गॅझेटियरमालेत त्याचा समावेश नाही.

प्रकार

भुताचा प्रकार मृताचे लिंग, वय, जात-धर्म व मृत्यूचे कारण यांवरून ठरतो.

* मुंजा : मुंजीनंतर, सोडमुंजीपूर्वी मरण पावलेला मुलगा, वास्तव्य पिंपळावर.
* हडळ : बाळंतपणात किंवा त्यानंतर लवकरच मृत्यू आलेली स्त्री.
* गिऱ्हा : बुडून मेलेली व्यक्ती, वास्तव्य पाण्यात.
* समंध : निपुत्रिक वा अतृप्त वासनेने मेलेला पुरुष.
* खवीस : मृत मुसलमान पुरुष.

वेताळ हा या सर्वांचा अधिपती मानला जातो. अनेक गावांत तो ग्रामदेवता म्हणूनही पूजला जातो.

कायदेशीर बाजू

भूत उतरवण्याच्या बहाण्याने एखाद्यास दोरखंडाने वा साखळीने बांधणे अथवा मारहाण करणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यान्वये गुन्हा आहे. त्यासाठी सहा महिने ते सात वर्षे कारावास व दंडाची तरतूद आहे. वाशिमसह संपूर्ण राज्यास हा कायदा लागू आहे.