दुरून घेतलेली मोटार

किरनापूर हे बालाघाट जिल्ह्यातील गाव. जवळचे मोठे शहर म्हणजे गोंदिया, आणि त्यापुढे नागपूर. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना होऊन नागपूर मुंबई राज्यात गेले व बालाघाट मध्य प्रदेशात राहिले. तोपर्यंत या मुलखाचा कारभार नागपुरातूनच चालत असे. अशा गावातील हौशी माणसाला पाऊणशे वर्षांची जुनी मोटार घ्यावयाची झाली, तर मुंबईपुण्याच्या दलालाशी, केवळ छायाचित्रांच्या भरवशावर, सौदा करावा लागतो. न पाहिलेल्या वस्तूचे दाम मोजणे हा वेडेपणा असे कोणी म्हणेल. पण आपल्या देशात मोटार आली तीच मुळी अशा व्यवहाराने.

त्या काळी संस्थानिकांना विलायतेच्या कारखान्यात जाऊन गाडी पारखण्याची सोय नव्हती. मग विश्वास ठेवावा तो कशावर? १९०८ मध्ये रोल्स-रॉइसची एक 'सिल्व्हर घोस्ट' गाडी मुंबई-कोल्हापूर कसोटीत उतरविण्यात आली. 'पर्ल ऑफ द ईस्ट' हे तिचे नाव. सह्याद्रीचे घाट चढत-उतरत सुमारे ६२० मैलांची मजल तिने बिनबिघाड मारली, आणि पुढे ती ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे महाराजांनी विकत घेतली. विक्रेत्याच्या शब्दापेक्षा घाटाची साक्ष मोठी ठरली! आम्हांस हा सौदा अत्यंत शहाणपणाचा वाटतो.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. रोल्स-रॉइस कारखाना तेव्हा इंजिनासह केवळ सांगाडा, म्हणजे चासी, विकत असे. वरचा साज दुसरा कारागीर चढवी. त्यामुळे एकाच चासीवर पुढे निराळी बॉडी बसविणे अशक्य नव्हते. जुन्या गाडीचे वय बॉडीच्या डौलावरून ठरवू पाहणारा गिऱ्हाईक हमखास फसतो, तो यामुळेच.

१९२८ साली जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला सुटे भाग जुळवून शेव्हर्ले गाड्या तयार करण्यास आरंभ केला, तेव्हा मोटार राजवाड्याबाहेरच्या माणसाच्याही आवाक्यात येऊ लागली. इकडे १९७१ मध्ये संस्थानिकांचे तनखे बंद झाले आणि राजवाड्यांतील अनेक गाड्या बाजारात आल्या. कितीएक भंगारातही गेल्या असतील. त्यांचा हिशेब कोण ठेवणार?

सरकारने २०२१ मध्ये विंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. वाहन पन्नास वर्षांहून जुने हवे, आणि त्याची चासी, बॉडी व इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. नोंदणीस २० हजार रुपये शुल्क, मुदत दहा वर्षे, आणि क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे. अशी गाडी नित्याच्या वापरास वा भाड्याने चालवावयाची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणे व दुरुस्ती यांपुरतीच ती रस्त्यावर यावयाची.

किरनापूरकराची खरी अडचण मात्र कागदांची. गोंदियाचा क्रमांक 'एमएच ३५', बालाघाटचा 'एमपी ५०'. मधली सीमा ओलांडताना मूळ कचेरीचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. गाडी १९५६ पूर्वीची असेल, तर तिच्या कागदांवर आज नकाशावर नसलेल्या प्रांताचे नाव असू शकते. असा कागद दलाल कधी कधी निरुपयोगी म्हणून टाकून देतो, तर जाणता गिऱ्हाईक तोच आधी मागतो. त्यासोबत चासीवरील आकड्यांवर कागद ठेवून पेन्सिल घासून घेतलेला ठसाही मागवावा, आणि दोन्ही आकडे जुळल्याखेरीज बयाणा पाठवू नये.