संकरित मोटारगाडी : प्रत्यक्ष इंधनवापराच्या मोजणीचा इतिहास

पेट्रोलवर चालणारे अंतर्ज्वलन-एंजिन आणि विद्युत् चलित्र अशी शक्तीची दोन साधने एकत्र असलेली मोटारगाडी म्हणजे संकरित मोटारगाडी होय. व्यवहारात ती हायब्रिड या नावाने ओळखली जाते. अशी गाडी एक लिटर पेट्रोलमध्ये प्रत्यक्षात किती किमी. जाते, हा प्रश्न वरवर साधा वाटतो. तथापि अनेक वर्षे त्याचे समाधानकारक उत्तर मिळत नव्हते. निर्मात्याने जाहीर केलेला आकडा आणि मालकाच्या अनुभवास येणारा आकडा यांतील तफावत या गाडीच्या आधीपासूनची आहे. मात्र ती सर्वांच्या नजरेस ठळकपणे आणून देण्यात हायब्रिडचा वाटा मोठा आहे.

रचना व बचतीचे मूळ : एंजिन व विद्युत् चलित्र यांचा संयोग करणारी गाडी फर्डिनांट पोर्श यांनी १९०० च्या सुमारास व्हिएन्नातील लोनर कारखान्यात तयार केली होती. तथापि मोठ्या प्रमाणावर उत्पादन झालेली पहिली हायब्रिड म्हणजे जपानमध्ये डिसेंबर १९९७ मध्ये विक्रीस आलेली टोयोटा कंपनीची ‘प्रियस’ ही होय. तिच्यातील बचत मुख्यत्वे चार गोष्टींमुळे होते. ब्रेक लावताना एरवी उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी गतिज ऊर्जा विजेच्या रूपाने घटमालेत साठविली जाते. गाडी थांबली की एंजिन बंद होते. अगदी कमी वेगात, म्हणजे एंजिनाची कार्यक्षमता सर्वांत कमी असताना, चलित्र गाडी ओढते. आणि चलित्राची जोड असल्यामुळे एंजिन लहान ठेवून ते ॲटकिन्सन चक्रावर, म्हणजे संपीडनापेक्षा प्रसरण अधिक होईल अशा रीतीने, चालविता येते. यांपैकी पहिल्या तीन गोष्टींचा लाभ थांबत-थांबत चालणाऱ्या शहरी रहदारीत सर्वाधिक व महामार्गावरील एकसारख्या वेगात सर्वांत कमी मिळतो. म्हणून हायब्रिडचा आकडा हा गाडी कोणत्या प्रकारे चालविली जाते, यावर इतर गाड्यांपेक्षा अधिक अवलंबून असतो. नियमांतील बदलांच्या पुढील इतिहासाचे बीज येथे आहे.

चाचणीचा उगम : १९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९७५ मध्ये ऊर्जाविषयक कायदा होऊन गाड्यांच्या इंधनवापराची मानके ठरविण्यात आली. मोजणीसाठी वापरलेली शहरी चाचणी मुळात धुराचे प्रदूषण मोजण्याकरिता लॉस अँजेल्समधील रहदारीवरून बेतलेली होती. तीत गाडी फिरत्या रुळांवर उभी करून सुमारे १७·८ किमी. चालविली जाते व सरासरी वेग ताशी सुमारे ३४ किमी. असतो. महामार्गाच्या चाचणीत सरासरी वेग ताशी सुमारे ७८ किमी. व कमाल वेग ताशी ९७ किमी. असे. इंधन थेट मापले जात नाही. निष्कासित वायूंतील कार्बनावरून ते काढतात. दोन्ही चाचण्यांत हवा उबदार व वातानुकूलन बंद असे. हे आकडे रस्त्यावर मिळत नाहीत अशा तक्रारी वाढल्यामुळे १९८५ च्या गाड्यांपासून शहरी आकडा १० टक्के व महामार्गाचा २२ टक्के कमी करून छापण्यात येऊ लागला. जपानची १९९१ पासूनची ‘१०-१५’ चाचणी याहूनही संथ, म्हणजे ताशी सरासरी सुमारे २३ किमी. व कमाल ७० किमी. वेगाची होती. प्रियसचा प्रति लिटर २८ किमी. हा गाजलेला आकडा तिच्यातूनच निघाला.

अमेरिकेतील सुधारणा : होंडा कंपनीची ‘इनसाइट’ (१९९९) व पाठोपाठ प्रियस (२०००) अमेरिकेत आल्या. २००३ च्या अखेरीस आलेल्या दुसऱ्या पिढीच्या प्रियसचा आकडा शहरात ६० मैल प्रति गॅलन, म्हणजे प्रति लिटर सुमारे २५·५ किमी. असा छापलेला होता. तो बहुतेक मालकांच्या अनुभवास येईना. एकसारखे १० किंवा २२ टक्के वजा करण्याचा जुना उपाय येथे अपुरा ठरला. कारण थंडी, वातानुकूलन व अतिवेग यांचा परिणाम सर्व गाड्यांवर सारखा होत नाही. उदाहरणार्थ, कडक थंडीत आतील हवा तापविण्यासाठी हायब्रिडचे एंजिन थांबलेल्या गाडीतही चालू ठेवावे लागते. २००५ च्या ऊर्जा कायद्याने मोजणी सुधारण्याचा आदेश दिला आणि २००८ च्या गाड्यांपासून तीन चाचण्यांची भर पडली : ताशी सुमारे १२९ किमी. पर्यंतचा वेग, ३५° से. तापमानात वातानुकूलन आणि उणे ७° से. थंडी. प्रियसचा शहरी आकडा ६० वरून ४८ वर, म्हणजे प्रति लिटर सुमारे २०·४ किमी. वर आला. गाडीत काहीही बदल झालेला नव्हता. बदलले ते माप.

तरीही वाद संपले नाहीत. फोर्ड कंपनीने आपल्या ‘सी-मॅक्स’ हायब्रिडसाठी त्याच एंजिनाच्या व त्याच वजनगटातील ‘फ्यूजन’ गाडीचा ४७ मैलांचा आकडा वापरला. नियमांत तशी मुभा होती. परंतु सी-मॅक्सचा बांधा उंच असल्याने तिला हवेचा रोध अधिक होता. २०१३ मध्ये आकडा ४३ वर उतरवून कंपनीने ग्राहकांना पैसे परत दिले.

यूरोप व भारत : यूरोपातही जुन्या चाचणीचे आकडे व रस्त्यावरील वापर यांतील तफावत २००१ मध्ये १० टक्क्यांच्या आत होती, ती २०१५ पर्यंत ४० टक्क्यांच्या आसपास गेल्याचे स्वतंत्र अभ्यासांत आढळले. २०१७ पासून तेथे अधिक लांबीची व अधिक वेगाची जागतिक चाचणी लागू झाली. २०२१ पासून नव्या गाड्यांत इंधनाची नोंद ठेवणारे उपकरण सक्तीचे झाले. त्या नोंदींनुसार पेट्रोल व डीझेल गाड्यांची तफावत सुमारे २० टक्के निघाली. बाहेरून वीज भरता येणाऱ्या हायब्रिडांचे कार्बन डाय-ऑक्साइडाचे उत्सर्जन मात्र चाचणीतील आकड्याच्या सुमारे साडेतीन पट होते. कारण चाचणीत गृहीत धरले होते तितके दिवस लोक त्या विजेवर चालवीत नव्हते.

भारतात अशा चाचण्या करणारी एक प्रमुख संस्था, ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, १९६६ मध्ये स्थापन झाली व ती पुणे येथे आहे. येथील चाचणीचक्र जुन्या यूरोपीय चक्रावर बेतलेले असून त्यात कमाल वेग ताशी ९० किमी. ठेवला होता. २०२२ मध्ये आलेल्या मारुती सुझुकी ‘ग्रँड विटारा’ हायब्रिडचा प्रति लिटर २७·९७ किमी. हा आकडा त्या पद्धतीने मिळालेला आहे.

आकड्याचा अर्थ : प्रति लिटर किमी. हे मापही दिशाभूल करू शकते. २५ ऐवजी २० किमी. मिळाल्यास १०० किमी. अंतराला एक लिटर अधिक लागते. १० ऐवजी ८ मिळाल्यास अडीच लिटर अधिक लागते. दोन्ही ठिकाणी तूट २० टक्केच आहे. पण हायब्रिडच्या मालकाला ‘पाच किमी. गेले’ असे वाटते व दुसऱ्याला ‘दोनच गेले’ असे वाटते. म्हणून सुधारित आकड्याने प्रियस कमी काटकसरी ठरली नाही. आपल्या आकाराच्या पेट्रोल गाड्यांपेक्षा ती पुष्कळ कमी इंधन घेत होतीच. चूक होती ती एका ठराविक प्रवासाचे माप सर्व प्रवासांना लावण्यात. गाडी किती ‘ॲव्हरेज’ देते, असे मराठी बोलण्यात सहज विचारले जाते. या शब्दाचा मूळ अर्थ सरासरी असा आहे. आणि कोणतीही सरासरी ती कशाकशाची आहे हे कळल्याखेरीज वापरता येत नाही, हेच या पंचवीस वर्षांच्या इतिहासातून दिसून येते.