राठ पानाची कोशिंबीर

कोबीच्या कुळांत केल नांवाची एक पालेभाजी आहे. कोबीचीं पानें एकमेकांस घट्ट बिलगून गड्डा करतात. केलचीं पानें मोकळीं वाढतात, आणि कांहीं प्रकारांत त्यांच्या कडा कुरळ्या असतात. कोबी, फ्लॉवर, नवलकोल आणि केल हीं दिसावयास निराळीं असलीं, तरी वनस्पतिशास्त्र त्यांना एकाच जातीचीं रूपें मानतें. काश्मीरच्या रोजच्या जेवणांतील 'हाक' हीहि याच मोकळ्या पानांच्या शाखेंतली भाजी होय. केलचें पान जाड, मेणचट व चिवट असतें. तें तसेंच तोंडांत घातलें तर चावतां चावतां जबडा दुखूं लागतो आणि मागें जिभेवर कडवटपणा उरतो. असें पान न शिजवितां खाण्याजोगें मऊ कसें करावें, हा प्रश्न वरवर पाहतां स्वयंपाकघरापुरता वाटतो. पण त्याच्या उत्तराचा माग काढूं लागलें कीं दोन हजारांहून अधिक वर्षें मागें जावें लागतें.

रोमच्या इतिहासांत आपल्या करड्या शिस्तीबद्दल प्रसिद्ध असलेला केटो (इ. स. पू. २३४ ते १४९) यानें शेतीवर एक ग्रंथ लिहिला. त्यांत त्यानें या कुळांतल्या भाजीची इतकी स्तुति केली आहे कीं सर्व भाज्यांत तिला पहिला मान दिला. त्यानें तिचे तीन प्रकार सांगितले असून त्यांत एक कुरळ्या पानांचा आहे. गड्ड्याचा कोबी युरोपांत रुळला तो बराच पुढें, मध्ययुगांत. तेव्हां केटोच्या डोळ्यांसमोर मोकळ्या पानांचे प्रकार असले पाहिजेत. ही भाजी शिजवून खावी किंवा कच्ची खावी, कच्ची खाणें झाल्यास सिरक्यांत बुडवून खावी, असें तो सांगतो. भाजी चिरावी, धुवावी, निथळावी आणि तिला मीठ व सिरका लावावा, हीहि कृति त्यानें दिली आहे. मेजवानींत मनसोक्त खावयाचें व प्यावयाचें असेल तर आधीं हीं कच्चीं पानें सिरक्याबरोबर खावीं, हा त्याचा सल्ला तर मोठा गमतीचा आहे. पुढें इसवी सनाच्या पहिल्या शतकांत प्लिनीनें अशा कच्च्या भाज्यांचा आणखी एक गुण नोंदविला: त्यांना विस्तव लागत नाहीं, म्हणून सरपण वांचतें. 'सॅलड' हा शब्दहि लॅटिन भाषेंतल्या मिठाच्या नांवावरूनच आला आहे. भाजीला मीठ लावणें हीच या पदार्थाची मूळ ओळख.

उत्तरेकडे मात्र केलचा संसार चुलीवरच्या हंड्यांत झाला. बर्फांतहि तग धरणारी ही भाजी स्कॉटलंडच्या गरीब कुटुंबांचा हिंवाळ्यांतला आधार होती. तेथें परसबागेला 'केलयार्ड', म्हणजे केलची वाडी, असेंच म्हणत; इतकेंच नव्हे, तर केल हा शब्द रस्सा आणि जेवण या अर्थींहि रूढ झाला. थंडींत जून झालेलें पान जवसारख्या धान्याबरोबर पुष्कळ वेळ उकळणें हाच त्या घरांतला सोपा उपाय होता. अठराव्या शतकांत बटाट्याचा प्रसार झाला आणि केलचें महत्त्व ओसरलें. तिच्यावर गरिबीचा शिक्का बसला तो मात्र टिकला.

या दीर्घ उकळण्याची किंमत काय होती हें तेव्हां कोणास ठाऊक नव्हतें. ती समुद्रावर दिसून आली. ताज्या भाजीफळांवांचून महिनोन्‌महिने राहणाऱ्या खलाशांच्या हिरड्या सुजत, जुन्या जखमा उघडत आणि अनेकांचा अंत होई. जेम्स लिंड या वैद्यानें १७४७ मध्यें संत्रीं व लिंबें देऊन हा स्कर्व्ही रोग हटतो हें प्रयोगानें दाखविलें. कॅप्टन कुकनें १७६८ च्या सफरीवर केलच्या सख्ख्या भावंडाचा, म्हणजे कोबीचा, खारवलेला साठा बरोबर घेतला होता. कच्चा कोबी बारीक चिरून, मीठ लावून व दाबून तो आंबविलेला असे. खलाशी त्याला तोंड लावीनात. कुकनें सक्ति केली नाहीं. अधिकाऱ्यांच्या टेबलावर तो रोज मांडण्याची आज्ञा दिली. वरिष्ठ खातात हें पाहून आठवड्याच्या आंत मागणी एवढी वाढली कीं प्रत्येकाचा वांटा ठरवून द्यावा लागला. या रक्षक द्रव्याचें, 'क' जीवनसत्त्वाचें, खरें स्वरूप १९३० नंतरच्या कांहीं वर्षांत उमगलें. तें उष्णतेनें नाश पावतें आणि पाण्यांत उतरतें. म्हणजे भाजी फार उकळून पाणी ओतून देणारा गृहस्थ भाजीचें सत्त्वच मोरींत ओतीत होता. दुसऱ्या महायुद्धांत ब्रिटनमध्यें घरोघर भाज्या लावण्याची मोहीम झाली, तींत सहज वाढणाऱ्या केलला पुन्हां स्थान मिळालें.

तरीहि कच्च्या केलचें भाग्य उजाडलें तें अमेरिकेंत, तेंहि अगदीं अलीकडे. १९८० नंतरच्या दशकांत तेथील उपाहारगृहांत केलचीं कुरळीं पानें इतर पदार्थांभोंवतीं शोभेसाठीं मांडीत. तीं कोणी खात नसे. २००७ मध्यें न्यूयॉर्क टाइम्सनें इटलींतील टस्कनी प्रांताच्या काळपट केलची कच्ची कोशिंबीर छापली, आणि पुढच्या कांहीं वर्षांत शोभेचें पान ताटांत आलें. पान तेंच होतें. त्याला हाताळण्याची रीत तेवढी ध्यानांत आली.

ती रीत अशी. कोंवळीं पानें निवडून मधली जाड शीर देंठासकट काढावी, कारण ती कितीहि चोळली तरी मऊ होत नाहीं. पानें धुवून फडक्यानें अगदीं कोरडीं करावीं. इंग्लंडमध्यें १६९९ सालीं केवळ कोशिंबिरींवर पुस्तक लिहिणाऱ्या जॉन एव्हलिननेंहि पानें चाळणींत निथळून मग स्वच्छ फडक्यांत हलकेच झुलविण्यास सांगितलें आहे. नंतर पानांची गुंडाळी करून बारीक पट्ट्या चिराव्या. त्यांवर चिमूटभर मीठ, थोडा लिंबाचा रस आणि चमचाभर तेल घालून दोन्ही हातांनीं दोन-तीन मिनिटें चोळावें. पानाचा रंग गडद होतो आणि ढीग पाहतां पाहतां जवळजवळ निम्मा होतो. तेथेंच हात थांबवावा. अधिक चोळल्यास लगदा होतो. मग पंधरा-वीस मिनिटें झांकून ठेवावें.

यांत घडतें तें असें. मीठ पानाच्या पेशींतलें पाणी बाहेर ओढतें आणि हाताच्या दाबानें पेशींच्या चिवट भिंती फाटतात. तेल वरच्या मेणचट आवरणांतून आंत शिरून पान नरम करतें. पेशी फुटल्या कीं त्यांत वेगवेगळीं राखलेलीं दोन द्रव्यें एकत्र येऊन मोहरीसारखा उग्रपणा उत्पन्न होतो. किडींपासून बचाव करण्याची ही वनस्पतीची युक्ति आहे. लिंबू व मीठ त्या उग्रपणाला आवर घालतात. थंडी पडून गेल्यावर काढलेलें पान मुळांतच गोडसर असतें, कारण गारठ्याशीं झुंजतांना वनस्पति आपल्यांतील पिष्टाची साखर करते.

महाराष्ट्रांतील गृहिणीला ही रीत परकी वाटूं नये. कोबीला मीठ लावून पचडी करणें, मुळ्याचा कोंवळा पाला मिठानें चुरणें, खानदेश-वऱ्हाडांत मेथीचा पाला तेल, तिखट, मीठ व दाण्याचा कूट लावून घोळाणा करणें, हीं त्याच विद्येचीं घरगुती रूपें होत. ज्या पानाला गरिबाचें म्हणून हिणविलें आणि राठ म्हणून उकळून निःसत्त्व केलें, त्याला चिमूटभर मीठ आणि दोन-तीन मिनिटांचा धीर एवढेंच हवें होतें. केटोनें तें सांगून ठेविलें होतें.