व्हिडिओ गेमचे डिजिटल वितरण : पुणे

व्हिडिओ गेमचे डिजिटल वितरण : गेमची प्रत कॅसेट, सीडी, डीव्हीडी किंवा ब्लू-रे डिस्कवर न विकता इंटरनेटवरून थेट ग्राहकाच्या संगणकावर, कन्सोलवर किंवा मोबाइलवर उतरवून देण्याची पद्धत. जगात या पद्धतीचा पाया २००३ च्या सुमारास घातला गेला आणि २०२० पर्यंत ती विक्रीची मुख्य वाट बनली. पुणे शहराचा या स्थित्यंतराशी दुहेरी संबंध आहे. येथे डिस्क विकत घेणारा आणि मित्रांत फिरवणारा मोठा ग्राहकवर्ग होता. शिवाय दुकाने व वितरकांच्या साखळीत शिरकाव नसतानाही जगभर गेम पोहोचवणारे निर्माते याच शहरात उभे राहिले. निर्मात्याला या बदलाने बाजार मिळवून दिला. ग्राहकाची मालकी मात्र सैल झाली आणि गेमच्या जतनाचा प्रश्न तातडीचा झाला.

कॅसेटचा काळ : १९९० च्या दशकात पुण्यातील घरांत आलेला ‘टीव्ही गेम’ बहुधा निन्टेन्डोच्या फॅमिकॉम यंत्राची नक्कल असे. ‘टर्मिनेटर’सारख्या नावांनी ही यंत्रे विकली जात. त्यात खोचायच्या चौकोनी कार्ट्रिजला सगळे कॅसेटच म्हणत. एका कॅसेटवर शेकडो गेम असल्याचा दावा केलेला असे. प्रत्यक्षात तेच ते गेम पुन्हा पुन्हा येत. हा बाजार बहुतांशी परवान्याविना चालला. तरीही वाड्यांत आणि सोसायट्यांत कॅसेटची देवाणघेवाण सर्रास होई, आणि एका घरात आलेला गेम सुट्टीभर दहा घरांत खेळला जाई. गेम ही उसनी देण्याघेण्याची वस्तू आहे, ही समज तेव्हापासून रुजली.

सीडी आणि डीव्हीडी : सोनीचे पहिले प्लेस्टेशन डिसेंबर १९९४ मध्ये जपानमध्ये आले. चिप असलेल्या कार्ट्रिजपेक्षा सीडी छापणे कितीतरी स्वस्त आणि जलद होते, आणि तिच्यावर सुमारे ६५० मेगाबाइट माहिती मावत असे. पुण्यात सीडीचा प्रसार मुख्यतः घरगुती संगणकामुळे झाला. बुधवार पेठेतील तपकीर गल्ली आणि पासोड्या विठोबा परिसर हा शहराचा इलेक्ट्रॉनिक वस्तूंचा जुना बाजार. संगणकाच्या सुट्या भागांची आणि सीडींची खरेदी या भागाशी व कॅम्पशी जोडलेली होती. अधिकृत प्रतींच्या शेजारी नकली सीडींचा बाजारही जोरात होता. मूळ डिस्कची किंमत विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेर असणे हे त्याचे मोठे कारण.

एक्सबॉक्स ३६० सप्टेंबर २००६ मध्ये आणि प्लेस्टेशन ३ एप्रिल २००७ मध्ये भारतात अधिकृतपणे दाखल झाल्यावर मॉलमधील पुस्तक-संगीताच्या आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुकानांत गेमचे स्वतंत्र कप्पे दिसू लागले. डिस्क महाग असली तरी गेम संपवून ती विकता येई, आणि त्या पैशात भर घालून पुढची घेता येई. महाविद्यालये व वसतिगृहांच्या या शहरात अशी फिरती डिस्क अनेकांच्या खेळण्याचा आधार होती.

अडथळा वेगाचा : स्टीम ही वॉल्व्ह कंपनीची सेवा १२ सप्टेंबर २००३ रोजी सुरू झाली. नोव्हेंबर २००४ मध्ये आलेला ‘हाफ-लाइफ २’ डिस्कवर विकत घेतला तरी स्टीमवर नोंदवल्याशिवाय चालत नसे. डिस्क असूनही परवानगी सर्व्हरकडून घ्यायची, ही व्यवस्था तिथून रूढ होत गेली. भारतात तेव्हा डाउनलोड व्यवहार्य नव्हता. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने २५६ किलोबिट प्रतिसेकंद हा ब्रॉडबँडचा किमान वेग ठरवला होता. त्या वेगाने ४.७ गिगाबाइटची एक डीव्हीडी उतरवायला न थांबता सुमारे ४१ तास लागतात, आणि ८.५ गिगाबाइटच्या दुहेरी थराच्या डीव्हीडीला तीन दिवसांहून अधिक. महिन्याला ठराविक मेगाबाइटच मिळणाऱ्या योजनांत एवढा डेटा परवडणेही शक्य नव्हते. म्हणून परदेशात डाउनलोड वाढत असताना पुण्यात डिस्क अनेक वर्षे टिकून राहिली.

पैसे भरण्याचाही अडथळा होता. स्टीमवर डॉलरमधील किंमत आणि परदेशी व्यवहाराला चालणारे कार्ड लागे. नोव्हेंबर २०१५ मध्ये तेथे रुपयांत किमती सुरू झाल्या. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू होऊन मोबाइल डेटा झपाट्याने स्वस्त झाला, त्याच वर्षी यूपीआय आले, आणि पुढे घराघरांत फायबर पोहोचले. वेग, किंमत आणि पैसे भरण्याची सोय हे तिन्ही अडसर काही वर्षांच्या अंतराने दूर झाले.

मोबाइलची वाट : पुण्यातील निर्मितीचा इतिहास पाहिला तर डिजिटल वितरण येथे कन्सोलच्या आधी मोबाइलमधून आले. गेमलॉफ्ट या फ्रेंच कंपनीचा पुण्यात स्टुडिओ होता. साध्या मोबाइलवरचे गेम तेव्हा दूरसंचार कंपनीच्या पोर्टलवरून उतरवले जात आणि पैसे फोनच्या शिलकीतून कापले जात. कोणतीही डिस्क न छापता चाललेला हा व्यवसाय होता. २००८ मध्ये युबिसॉफ्टने हा स्टुडिओ घेतला आणि कंपनीचे भारतातील काम पुण्यातून सुरू झाले. त्याच वर्षी डीएसके सुपइन्फोकॉम ही अॅनिमेशन आणि गेमनिर्मितीचे शिक्षण देणारी संस्था शहरात उघडली. १० जुलै २००८ रोजी अॅपलचे अॅप स्टोअर सुरू झाले आणि लहान गटालाही जगातील ग्राहकापुढे थेट उभे राहता येऊ लागले.

या संधीचा उपयोग करणाऱ्या पुण्यातील पहिल्या स्टुडिओंत रोलोक्यूल गेम्स येते. रोहित गुप्ता यांच्या या कंपनीने २०१३ मध्ये ‘मोशन टेनिस’ आणला. त्यात आयफोन रॅकेटसारखा हातात धरून, अॅपल टीव्हीमार्फत मोठ्या पडद्यावर टेनिस खेळता येई. नॉटिलस मोबाइलची ‘रिअल क्रिकेट’ मालिका मोबाइलवरील क्रिकेटच्या प्रमुख गेमपैकी एक झाली. २०२० मध्ये पुण्याच्याच जेटसिंथेसिस समूहाने ही कंपनी घेतली आणि २०२५ मध्ये दक्षिण कोरियाच्या क्राफ्टनने तिच्यात नियंत्रक हिस्सा विकत घेतला. रॉबी जॉन यांच्या नेतृत्वाखालील सुपरगेमिंगने ‘मास्कगन’ हा नेमबाजीचा गेम चालवला आणि १६ ऑक्टोबर २०२४ रोजी ‘इंडस’ हा बॅटल रोयाल (शेवटी टिकेल तो जिंकेल) प्रकारचा गेम प्रकाशित केला. अशा गेमची ‘शेवटची प्रत’ नसते. नवे नकाशे, नवे खेळाडू, दुरुस्त्या सतत येत राहतात, आणि कमाई मुख्यतः खेळता खेळता होणाऱ्या छोट्या खरेदीतून व जाहिरातींतून होते. छापून बंद केलेल्या डिस्कवर हा व्यवसाय उभाच राहू शकला नसता.

व्यवहाराची रीत : डिस्कच्या व्यवस्थेत प्रकाशक, कारखाना, आयातदार, घाऊक वितरक आणि दुकानदार असे टप्पे असत. किती प्रती छापायच्या हे आधी ठरवावे लागे आणि न खपलेल्या मालाचा बोजा कुणाला तरी सोसावा लागे. डिजिटल पद्धतीत स्टुडिओ गेमची फाइल स्टोअरकडे पाठवतो. स्टोअर तपासणी, वयोगटाचे मानांकन आणि देशागणिक किंमत पाहून ती विक्रीला लावते. मोबदल्यात विक्रीतला वाटा घेते. ३० टक्के हा दीर्घकाळ रूढ असलेला दर. स्टीमने २०१८ मध्ये १ कोटी डॉलरपलीकडील कमाईवर तो २५ टक्के आणि ५ कोटींपलीकडे २० टक्के केला. गूगल प्लेने जुलै २०२१ पासून वर्षाच्या पहिल्या १० लाख डॉलरवर १५ टक्के ठेवला. दुकानाच्या मांडणीतील जागेऐवजी आता स्टोअरच्या पहिल्या पानावरील जागेसाठी स्पर्धा असते आणि नियम मोजक्या कंपन्या ठरवतात. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑक्टोबर २०२२ रोजी प्ले स्टोअरच्या देयकविषयक धोरणावरून गूगलला ९३६.४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. पुढे अपिलात तो कमी झाला. निर्मात्याचे स्वातंत्र्य आणि त्याचे स्टोअरवरील अवलंबित्व एकाच वेळी वाढले, हे या प्रकरणातून स्पष्ट होते.

‘राजी’ : पुण्यातील डिजिटल वितरणाचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी : अॅन एन्शंट एपिक’. श्रुती घोष, अविचल सिंग आणि इयन मॉड यांनी स्थापन केलेल्या या छोट्या स्टुडिओने २०१७ मध्ये किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर निधी उभारण्याचा प्रयत्न केला. ठरलेली रक्कम जमली नाही. तरीही गटाने काम सोडले नाही. दैत्याने पळवलेल्या गोलू या भावाला शोधायला निघालेली राजी ही डोंबारी खेळ करणारी मुलगी या गेमची नायिका आहे, आणि तिच्या प्रवासावर दुर्गा व विष्णू भाष्य करतात.

हा गेम १८ ऑगस्ट २०२० रोजी निन्टेन्डो स्विचच्या ऑनलाइन दुकानात प्रथम आला. १५ ऑक्टोबरला तो संगणक, प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनवर पोहोचला. स्विच तेव्हा भारतात अधिकृतपणे विकलाच जात नव्हता. आपल्या देशात दुकान नसलेल्या यंत्रावर पुण्यात बनलेला गेम पहिल्याच दिवशी अमेरिकेत आणि युरोपात विक्रीस लागला, तोही करोनाच्या साथीत, जेव्हा मालाची ने-आण विस्कळीत झाली होती. त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणातील सर्वोत्तम स्वतंत्र गेमसाठी त्याला नामांकन मिळाले. २०२३ मध्ये नेटफ्लिक्सच्या सदस्यांसाठी त्याची मोबाइल आवृत्ती आली.

डिस्क नसलेला डबा : युबिसॉफ्टच्या ‘जस्ट डान्स’ या नृत्यमालिकेच्या निर्मितीत पुणे स्टुडिओचा वाटा राहिला आहे. ‘जस्ट डान्स २०२०’ नोव्हेंबर २०१९ मध्ये निन्टेन्डोच्या जुन्या वी यंत्रासाठीही डिस्कवर निघाला. तीनच वर्षांनी, नोव्हेंबर २०२२ मध्ये, ‘जस्ट डान्स २०२३’च्या दुकानातल्या डब्यात डिस्कऐवजी डाउनलोडचा कोड होता. त्याआधी, २०२०-२१ या आर्थिक वर्षातच, प्लेस्टेशनच्या पूर्ण गेमच्या विक्रीत डिजिटल प्रतींचा वाटा सुमारे दोनतृतीयांश झाला होता. प्लेस्टेशन ५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ रोजी आले तेव्हा डिस्क ड्राइव्ह असलेले यंत्र ४९,९९० रुपयांना आणि ड्राइव्ह नसलेले ३९,९९० रुपयांना जाहीर झाले. दहा हजार रुपये वाचवणारा ग्राहक जुनी डिस्क घेण्याची, विकण्याची आणि उसनी आणण्याची मुभा कायमची सोडत होता. काही गेमची भारतातील किंमत ४,९९९ रुपये असताना, मोजक्या डिस्कच्या फेरविक्रीतच ही बचत भरून निघू शकली असती.

ग्राहकाचे हक्क : डिजिटल खरेदीत ग्राहकाला गेम वापरण्याचा परवाना मिळतो; तो बहुधा दुसऱ्याला देता किंवा विकता येत नाही. २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वनवर डिस्कच्या फेरविक्रीला बंधने घालण्याचे जाहीर केले, तेव्हा खेळाडूंच्या विरोधामुळे जूनमध्येच माघार घ्यावी लागली. डिजिटल प्रतींच्या बाबतीत तेच बंधन फारशा चर्चेविना रुळले. डिस्क असली तरी पूर्ण सुरक्षितता नाही, हे युबिसॉफ्टच्या ‘द क्रू’ने दाखवले : ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद होताच डिस्क विकत घेतलेल्यांनाही तो खेळता येईना. त्यातून ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम उभी राहिली. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या कायद्याने, ग्राहक परवाना घेत आहे हे विक्रीच्या वेळी स्पष्ट सांगणे स्टोअरना बंधनकारक केले. भारतीय ग्राहकालाही तितकीच स्पष्टता मिळाली पाहिजे. पैसे तो मालकीच्याच भावनेने मोजतो.

जतनाचा प्रश्न : निन्टेन्डोने ३डीएस आणि वी यू या यंत्रांची ऑनलाइन दुकाने २७ मार्च २०२३ रोजी बंद केली; एक्सबॉक्स ३६० चे दुकान २९ जुलै २०२४ रोजी बंद झाले. अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३ च्या अभ्यासानुसार तेथे २०१० पूर्वी प्रकाशित झालेल्या गेमपैकी ८७ टक्के गेम आज बाजारात उपलब्ध नाहीत. मोबाइल गेम याहून नाजूक. सप्टेंबर २०१७ मध्ये आयओएस ११ ने ३२-बिट अॅप चालवणे थांबवले, तेव्हा ज्या गेमना नवी आवृत्ती मिळाली नाही ते नव्या फोनवरून एका फटक्यात गेले. डिस्क निदान कुणाच्या तरी माळ्यावर उरते. स्टोअरवरून काढलेला मोबाइल गेम तसा उरत नाही.

पुण्याला या नुकसानीचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. १९६४ मध्ये स्थापन झालेले राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय याच शहरात आहे. पी. के. नायर यांनी तेथे रिळे जमवण्यात आयुष्य घातले, तरी ‘आलम आरा’ या १९३१ च्या पहिल्या भारतीय बोलपटाची प्रत देशाला वाचवता आली नाही. संग्रह सुरू झाला तोवर उशीर झाला होता. गेमच्या बाबतीत आज तशीच वेळ आहे. ग्रंथालयांना पुस्तकांच्या प्रती देणे बंधनकारक करणारा १९५४ चा कायदा पुस्तकांसाठी झाला आणि पुढे त्यात वृत्तपत्रांची भर पडली. गेम त्याच्या कक्षेत नाहीत.

गेम जपायचा तर चालती फाइल पुरत नाही. मूळ संगणकीय संहिता, चित्रे व ध्वनी, ज्या इंजिनाच्या ज्या आवृत्तीवर तो बांधला ती आवृत्ती, तो चालणारे यंत्र, ऑनलाइन गेमसाठी सर्व्हरचा कार्यक्रम, प्रत्यक्ष खेळाचे चित्रण आणि बनवणाऱ्यांच्या मुलाखती, इतके सारे लागते. पुण्यातील स्टुडिओंचा इतिहास अवघ्या दोन दशकांचा आहे, आणि तो घडवणारी बहुतेक माणसे अजून याच व्यवसायात आहेत. त्यांनी जुन्या आवृत्त्या स्वेच्छेने जमा कराव्यात, व्यापारी गुपिते ठराविक मुदतीपर्यंत बंद ठेवण्याची हमी त्यांना मिळावी, आणि एखाद्या विद्यापीठाने किंवा संग्रहालयाने हे काम अंगावर घ्यावे. चित्रपटांच्या वेळी मूळ साहित्य हरवल्यावर शोध सुरू झाला. गेमच्या वेळी साहित्य हाताशी असतानाच संग्रह सुरू करता येईल.